नाव मोठे, पण भरवसा कुठे?

२०२५ च्या पावसाळ्यात हिंदी चित्रपटसृष्टीला एकाच संस्थेच्या दोन चित्रपटांनी मोठा धडा दिला. १८ जुलै रोजी यशराज फिल्म्सचा 'सैयारा' प्रदर्शित झाला. त्यानंतर चार आठवड्यांनी, १४ ऑगस्टला, याच संस्थेचा 'वॉर २' पडद्यावर आला. 'सैयारा'ची धुरा अहान पांडे आणि अनीत पड्डा या दोन जवळजवळ अपरिचित चेहऱ्यांवर होती. 'वॉर २'च्या पाठीशी हृतिक रोशन आणि ज्युनियर एनटीआर हे दोन बडे तारे होते, स्वातंत्र्यदिनाची सुट्टी होती आणि यशस्वी ठरलेल्या पहिल्या भागाची पुण्याईही होती. प्रत्यक्षात घडले ते उलटेच. व्यापारी वर्तुळातील अंदाजांनुसार 'सैयारा'ने देशात तीनशे कोटी रुपयांच्या निव्वळ उत्पन्नाचा टप्पा सहज ओलांडला. 'वॉर २'ला अडीचशे कोटींपर्यंतही पोहोचता आले नाही.

एखादा मोठा चित्रपट पडणे यात नवे काही नाही. 'वॉर २'समोर त्याच दिवशी रजनीकांत यांचा 'कुली' उभा होता, हेही विसरता येणार नाही. तरीही ही घटना एकटीदुकटी नव्हती. यशराजने आपल्या हेरपटांची जी मालिका उभी केली, तिच्यातील 'टायगर ३' (२०२३) हा चित्रपट 'टायगर जिंदा है' (२०१७) या आधीच्या भागापेक्षा देशात कमी कमाई करून थांबला होता. 'वॉर २'च्या बाबतीतही तेच झाले. २०१९ च्या 'वॉर'ने तीनशे कोटींचा टप्पा पार केला होता. मधल्या वर्षांत तिकिटांचे दर वाढले, पडदे वाढले, जाहिरातींचा खर्च वाढला, पण पुढचा भाग मागच्या भागाच्या मागे राहिला.

त्यामुळे प्रश्न एका चित्रपटाच्या यशापयशापुरता उरत नाही. ज्या नावांवर डोळे झाकून विश्वास ठेवून प्रेक्षक तिकीट काढत होता, त्या नावांवरून त्याचा भरवसा का उडत आहे, हा खरा प्रश्न आहे. त्याच संस्थेने नवोदितांना पुढे केले तेव्हा प्रेक्षक धावून आला आणि मुरलेल्या मालिकेकडे मात्र त्याने पाठ फिरवली, यातच या प्रश्नाचे बरेचसे उत्तर दडलेले आहे.

बॅनर म्हणजे जामीन

चित्रपट ही अशी वस्तू आहे की जिचे मोल आधी द्यावे लागते आणि पारख नंतर होते. बाजारात भाजी हाताळून घेता येते, कापड उलगडून पाहता येते. चित्रपटाचे तसे नाही. म्हणूनच या व्यवसायात प्रारंभापासून नावाला महत्त्व आले. निर्मितीसंस्थेचे बोधचिन्ह पडद्यावर उमटले की प्रेक्षक निर्धास्त होत असे. ते चिन्ह एका अर्थाने जामीन राहत असे.

या जामीनकीचे सर्वांत जुने आणि ठळक उदाहरण महाराष्ट्रातच सापडते. १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेली आणि १९३३ मध्ये पुण्यास स्थलांतरित झालेली प्रभात फिल्म कंपनी तुतारीच्या बोधचिन्हासाठी ओळखली जात असे. या तुतारीच्या बळावर प्रभातने प्रेक्षकांपुढे काय ठेवले, हे पाहण्यासारखे आहे. १९३७ च्या 'कुंकू'मध्ये जरठ-कुमारी विवाहाविरुद्ध बंड करणारी नायिका होती. १९३९ च्या 'माणूस'मध्ये पोलीस शिपाई आणि वेश्या यांच्या संबंधांची कहाणी होती. १९४१ च्या 'शेजारी'मध्ये हिंदू आणि मुसलमान मित्रांची मैत्री आणि ताटातूट होती. यांतील एकही विषय त्या काळी 'सुरक्षित' म्हणता आला नसता. परंतु प्रभातचे नाव असल्याने कुटुंबेच्या कुटुंबे अशा अवघड विषयांनाही सामोरी गेली. १९३६ चा 'संत तुकाराम' मुंबईत वर्षभराहून अधिक काळ चालला आणि पुढील वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला.

राज कपूर यांच्या आर. के. फिल्म्सची कथाही याच अंगाने जाते. १९७० मध्ये 'मेरा नाम जोकर' कोसळला आणि संस्था कर्जात बुडाली. त्यानंतर १९७३ मध्ये आर. के.ने ऋषी कपूर आणि डिंपल कपाडिया या कोवळ्या जोडीला घेऊन 'बॉबी' काढला. संस्था सावरली ती या नव्या जोडीमुळे. खुद्द यशराजनेही हा मार्ग अनेकदा चोखाळला होता. २०१० च्या 'बँड बाजा बारात'मध्ये रणवीर सिंग हा नवा नट होता आणि दिग्दर्शक मनीष शर्मा यांचाही तो पहिलाच चित्रपट होता.

या साऱ्या उदाहरणांत एक सूत्र समान आहे. नामवंत संस्थेने आपले नाव अनोळखी माणसासाठी, अनोळखी विषयासाठी तारण ठेवले. प्रेक्षकाला जे ठाऊक नव्हते, त्याची हमी या नावाने घेतली. 'सैयारा'च्या वेळीही हेच घडले. गाणी आधी लोकांपर्यंत पोहोचली, नवोदितांचा उदोउदो टाळण्यात आला आणि चित्रपटाला स्वतःच्या पायावर उभे राहू देण्यात आले. हेरपटांच्या मालिकेत मात्र नावाचे काम नेमके उलटे झाले. तेथे प्रेक्षकाला जे आधीच ठाऊक होते, त्याच्याच जोरावर त्याच्याकडून पुन्हा पैसे मागितले गेले.

पत कशी खर्ची पडते

'एक था टायगर' २०१२ मध्ये आला तेव्हा कोणत्याही मालिकेची घोषणा नव्हती. तो एक स्वतंत्र चित्रपट होता. 'वॉर'ही स्वतंत्रच होता. जानेवारी २०२३ मध्ये 'पठाण' येताना या साऱ्यांना एका 'स्पाय युनिव्हर्स'च्या छत्राखाली आणण्यात आले. आदल्या वर्षी 'जयेशभाई जोरदार', 'सम्राट पृथ्वीराज' आणि 'शमशेरा' असे तीन चित्रपट लागोपाठ पडल्याने यशराजची पत घसरली होती. 'पठाण'ने जगभरात हजार कोटींहून अधिक रुपयांचा गल्ला जमवून ती एका फटक्यात भरून काढली.

अडचण तेथूनच सुरू झाली. 'पठाण'मध्ये टायगर काही मिनिटांसाठी येतो, तेव्हा प्रेक्षकांनी शिट्ट्या वाजवून त्याचे स्वागत केले. तो अनपेक्षित आनंद होता. पुढच्या चित्रपटात पठाण टायगरच्या मदतीला येणार, हे सर्वांना आधीच माहीत होते. जे एकदा भेट म्हणून मिळाले, ते दुसऱ्यांदा रिवाज झाले. परदेशातील स्थळे, आकाशातील झुंजी, घरभेदी हेर आणि शेवटी पुढच्या भागाची चाहूल हा साचा ठरून गेला. 'टायगर ३' ऐन दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आणि क्रिकेट विश्वचषकाच्या अंतिम टप्प्यात प्रदर्शित झाल्याने त्याचे नुकसान झाले, असा युक्तिवाद केला गेला आणि त्यात तथ्य आहे. मात्र 'वॉर २'साठी असे एकच कारण पुढे करता येत नाही. मालिकेतील पुढचा 'अल्फा' हा चित्रपट २५ डिसेंबर २०२५ च्या जाहीर मुहूर्तावर प्रदर्शित न होता लांबणीवर पडला.

संस्थांप्रमाणेच दिग्दर्शकांचेही होते. राम गोपाल वर्मा यांचे उदाहरण या दृष्टीने सर्वांत बोलके आहे. 'रंगीला' (१९९५), 'सत्या' (१९९८), 'कौन' (१९९९), 'कंपनी' (२००२) आणि 'भूत' (२००३) या चित्रपटांनी त्यांना असा प्रेक्षकवर्ग मिळवून दिला की जो नटाकडे न पाहता दिग्दर्शकाच्या नावावर तिकीट काढीत असे. 'सत्या'त एकही बडा तारा नव्हता. भिकू म्हात्रेच्या भूमिकेने मनोज बाजपेयी यांना देशभर ओळख मिळाली आणि त्यातील मुंबई पडद्यावर याआधी कधी दिसली नव्हती इतकी खरी वाटली.

त्यानंतर वर्मा यांनी 'फॅक्टरी' या नावाने निर्मितीचा धडाका लावला. नाव पुरेसे सूचक होते. एकामागून एक चित्रपट बाहेर पडू लागले. ३१ ऑगस्ट २००७ रोजी 'शोले'ची नवी आवृत्ती म्हणून 'आग' प्रदर्शित झाला आणि प्रेक्षकांनी तो झिडकारला. त्याच्या अवघ्या एका आठवड्याने वर्मा यांनीच दिग्दर्शित केलेला 'डार्लिंग' चित्रपटगृहांत दाखल झाला. एका दिग्दर्शकाच्या दोन चित्रपटांत सात दिवसांचे अंतर असेल, तर प्रेक्षकाने त्याच्या नावाची वाट पाहावी तरी कशी? २००५ च्या 'सरकार'चे पुढचे भाग २००८ आणि २०१७ मध्ये आले आणि शेवटी 'सरकार'चे नावही तिसऱ्या भागाला तारू शकले नाही.

या कथेचा उत्तरार्ध अधिक महत्त्वाचा आहे. १७ जानेवारी २०२५ रोजी 'सत्या' पुन्हा प्रदर्शित झाला. सत्तावीस वर्षांनी आपलाच चित्रपट पाहिल्यावर डोळ्यांत पाणी आल्याचे आणि यशाच्या धुंदीत व अहंकारात आपण वाट चुकल्याचे वर्मा यांनी समाजमाध्यमावर जाहीरपणे लिहिले. दिग्दर्शकाने आपल्या घसरणीची अशी स्वच्छ कबुली देणे दुर्मीळच म्हणावे लागेल. त्यांच्या चाहत्यांनी हे निदान कितीतरी आधी केले होते. फक्त त्यांनी ते लिहून कळवले नाही, ते यायचे थांबले एवढेच.

सातासमुद्रापारही तेच

हा अनुभव केवळ भारतातील नाही. अमेरिकेतील मार्व्हल स्टुडिओने २००८ च्या 'आयर्न मॅन'पासून एकमेकांत गुंफलेल्या चित्रपटांची मालिका सुरू केली. तिच्यातील बाविसावा चित्रपट, 'अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम', एप्रिल २०१९ मध्ये आला. जगभरात सुमारे २८० कोटी डॉलर आणि भारतात साडेतीनशे कोटी रुपयांहून अधिक निव्वळ उत्पन्न त्याने मिळवले. हिंदी, तमिळ आणि तेलुगूत भाषांतरित झालेल्या या चित्रपटासाठी भारतातील शहरांत पहाटेचे खेळ लावावे लागले होते.

चार वर्षांनंतरचे चित्र अगदी वेगळे होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या 'द मार्व्हल्स'ची जागतिक कमाई सुमारे २० कोटी डॉलरवर थांबली. त्या मालिकेतील ही तोवरची नीचांकी कमाई होती. मधल्या काळात काय घडले होते? २०२१ या एकाच वर्षात या विश्वातील चार चित्रपट आणि पाच मालिका प्रेक्षकांपुढे आल्या. दूरचित्रवाणी संचावरील मालिका पाहिली नसेल, तर पडद्यावरील पात्र कोण हे कळेना. करमणुकीसाठी आलेल्या माणसाला गृहपाठ देण्यात आला. डिस्नेचे तत्कालीन प्रमुख बॉब आयगर यांनी २०२३ मध्ये, अति निर्मितीमुळे लक्ष विखुरले गेले, असे मान्य केले आणि २०२४ मध्ये वर्षाला दोन किंवा फार तर तीन चित्रपट आणि सुमारे दोन मालिका एवढीच मर्यादा घालून घेण्याचे जाहीर केले. तरीही २०२५ मध्ये आलेल्या तिन्ही चित्रपटांना जुनी उंची गाठता आली नाही. त्याआधी, जुलै २०२४ मध्ये, 'आयर्न मॅन' साकारणारे रॉबर्ट डाउनी ज्युनियर यांना नव्या खलनायकाच्या भूमिकेत परत आणण्याची घोषणा झालीच होती. घरातील मोडलेले दागिने पुन्हा घडवून घालावेत, तसाच हा प्रकार.

डिस्नेच्याच पिक्सार स्टुडिओचा धडा थोडा निराळा आहे. महामारीच्या काळात 'सोल', 'लुका' आणि 'टर्निंग रेड' हे तीन चित्रपट थेट घरबसल्या पाहण्यासाठी देण्यात आले. त्यांचा दर्जा उत्तम होता. पण पिक्सारचा चित्रपट घरीच येणार, अशी सवय प्रेक्षकाला लागली आणि आपणच ती लावली, हे पिक्सारचे सर्जनप्रमुख पीट डॉक्टर यांनी पुढे मान्य केले. विश्वास केवळ वाईट चित्रपटाने जातो असे नाही. चित्रपटगृहात जाण्याचे कारणच संस्थेने काढून घेतले, तरी तो जातो.

पहिल्या आठवड्याचे गणित

प्रेक्षक दुरावत असल्याचे दिसत असताना संस्था त्याच साच्याला का चिकटून राहतात? याचे उत्तर कल्पनेच्या दारिद्र्यात शोधण्यापेक्षा व्यवहारात शोधणे योग्य ठरेल.

२००९ मध्ये हिंदी चित्रपटांचे निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यातील वाद चिघळला आणि सुमारे दोन महिने नवे मोठे चित्रपट प्रदर्शित झाले नाहीत. तडजोडीत जे सूत्र ठरले, त्यानुसार निव्वळ उत्पन्नातील निर्माता-वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात पन्नास टक्के, दुसऱ्यात साडेबेचाळीस, तिसऱ्यात साडेसदतीस आणि त्यानंतर तीस टक्के असा उतरत जातो. म्हणजे निर्मात्याचे हित पहिल्याच आठवड्यात सभागृह भरण्यात आहे. चित्रपटगृहाचे हित तो दीर्घकाळ चालण्यात आहे. पहिल्या तीन दिवसांत गर्दी खेचण्याची ताकद परिचित नावात असते. चौथ्या दिवसापासून चित्रपटाला स्वतःच्या गुणांवर चालावे लागते. सूत्रच असे असेल, तर नावावर पैसा लावणे हा निर्मात्याचा शहाणपणा ठरतो. फक्त हा शहाणपणा तो प्रेक्षकाच्या खात्यातून उचल घेऊन दाखवतो.

नावाचा हा भाव अन्यत्रही दिसतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये पुण्याचे उद्योजक अदर पूनावाला यांच्या सेरीन प्रॉडक्शन्सने करण जोहर यांच्या धर्मा प्रॉडक्शन्समधील निम्मा हिस्सा एक हजार कोटी रुपयांना घेण्याचा करार जाहीर केला. या किमतीत जुन्या चित्रपटांच्या हक्कांसोबत नावाची पतही धरलेली असणार, हे उघड आहे.

ही पत घटली की पहिला फटका निर्मात्याला बसतो असेही नाही. किमान हमीच्या पद्धतीत वितरक आपल्या प्रदेशाच्या हक्कांसाठी रक्कम आधी मोजतो. नाव जेवढे मोठे, तेवढी रक्कम मोठी. 'वॉर २'चे तेलुगू भाषिक राज्यांतील हक्क घेणाऱ्या वितरकाने, निर्मात्याच्या नावावर भरवसा ठेवून केलेला हा व्यवहार अंगलट आल्याचे नंतर जाहीरपणे सांगितले. त्याच्या खालच्या पायरीवर एकपडदा चित्रपटगृहाचा चालक असतो. आठवडाभर रिकामे सभागृह चालवले तरी वीज, पगार आणि कर यांतून त्याची सुटका नसते. मल्टिप्लेक्सचा मालक तोट्याचा चित्रपट लहान पडद्यावर हलवू शकतो. तालुक्याच्या गावातील एकमेव पडद्याच्या मालकाला तो पर्याय नाही.

पडद्यांवरील ताबा हाही नावाच्या सामर्थ्याचाच भाग आहे. २०१२ च्या दिवाळीत 'जब तक है जान' आणि 'सन ऑफ सरदार' समोरासमोर आले, तेव्हा यशराजने आपले दोन चित्रपट एकत्र बांधून पडदे अडवल्याची तक्रार अजय देवगण यांच्या संस्थेने स्पर्धा आयोगाकडे केली होती. आयोगाने ती फेटाळली. मात्र पडद्यांच्या वाटपाचा प्रश्न तेवढ्याने मिटला नाही. महाराष्ट्रात तो मराठी चित्रपटांच्या निमित्ताने वारंवार डोके वर काढतो. जुलै २०२५ मध्ये 'सैयारा'ला मिळालेल्या प्रतिसादामुळे त्याच दिवशी प्रदर्शित झालेल्या 'येरे येरे पैसा ३' या मराठी चित्रपटाचे खेळ कमी करण्यात आल्याची तक्रार झाली होती. म्हणजे मोठ्या संस्थेचे नाव चालले तरी लहान चित्रपट अडचणीत येतो आणि ते पडले तरी ज्या पडद्यांवर त्याला संधी मिळाली असती, ते पडदे आठवडाभर रिकाम्या खुर्च्यांसाठी अडून राहिलेले असतात.

प्रेक्षक गेला कुठे?

प्रेक्षकाला चित्रपटगृहच नकोसे झाले आहे, असा निष्कर्ष काढण्याची घाई अनेकदा केली जाते. उपलब्ध पुरावा तसे सांगत नाही. २३ सप्टेंबर २०२२ रोजी राष्ट्रीय चित्रपट दिनानिमित्त देशभरात ७५ रुपयांत तिकिटे देण्यात आली. त्या एका दिवसात सुमारे ६५ लाख लोक चित्रपटगृहांत आल्याचे मल्टिप्लेक्सचालकांच्या संघटनेने सांगितले. दर परवडणारा असला, तर चुकीचा चित्रपट निवडल्याचे दुःखही हलके होते. चौघांच्या कुटुंबाला तिकिटे, खाणेपिणे आणि जाण्यायेण्याचा मोठा खर्च करावा लागत असेल, तर मात्र ते कुटुंब खात्री मागते.

ही खात्री ते आता स्वतःच्या पद्धतीने करून घेते. पूर्वी शुक्रवारचा पहिला खेळ पाहणे ही चाहत्याची प्रतिष्ठा होती. आता शुक्रवारी दुसरे काय म्हणतात ते ऐकायचे, शनिवारी ठरवायचे आणि रविवारी जायचे, किंवा मोबाइलवर येण्याची वाट पाहायची, असा क्रम झाला आहे. वाट पाहण्याचा काळही लांब राहिलेला नाही. मणिरत्नम आणि कमल हासन ही 'नायकन'ची (१९८७) जोडी ३८ वर्षांनी 'ठग लाइफ'मध्ये एकत्र आली. ५ जून २०२५ रोजी प्रदर्शित झालेला हा चित्रपट चित्रपटगृहांत टिकला नाही आणि चार आठवड्यांत नेटफ्लिक्सवर उपलब्ध झाला. असे दोनतीनदा घडले की वाट पाहणाऱ्याला आपण शहाणे ठरल्याचे समाधान मिळते आणि पहिल्या दिवशी जाणारा स्वतःला फसलेला समजतो.

दुसरीकडे, पारखलेल्या चित्रपटासाठी हाच प्रेक्षक पुन्हा पैसे मोजतो. राही अनिल बर्वे दिग्दर्शित 'तुंबाड' २०१८ मध्ये मर्यादित प्रतिसादावर थांबला होता. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा अधिक कमाई करून गेला. 'सनम तेरी कसम' (२०१६) या चित्रपटाबाबतही फेब्रुवारी २०२५ मध्ये तेच घडले. या चित्रपटांपाशी मोठ्या मालिकेचे वलय नव्हते. त्यांची हमी आधी पाहिलेल्या प्रेक्षकांनी घेतली होती. जुलै २०२५ मध्ये आलेल्या 'महावतार नरसिंह' या तारेविरहित ॲनिमेशनपटाचा गल्लाही असाच तोंडोतोंडी झालेल्या प्रसिद्धीने फुगत गेला. जामीन राहण्याचा जो मान एकेकाळी बॅनरकडे होता, तो आता शेजारी, सहकारी आणि नातेवाईक यांच्याकडे गेला आहे.

अविश्वासाचीही किंमत

हे सारे प्रेक्षकाच्या जागरूकतेचे लक्षण मानून समाधान मानता आले असते. परंतु या नाण्याला दुसरी बाजू आहे.

'मेरा नाम जोकर' त्याच्या काळात नाकारला गेला आणि पुढे राज कपूर यांच्या महत्त्वाच्या कृतींत गणला जाऊ लागला. अशी उशिरा उमगणारी कलाकृती निर्माण व्हायची तर संस्थेजवळ एक अपयश पचवण्याइतकी पत असावी लागते. प्रत्येक चित्रपटाचा निवाडा शनिवारी सकाळीच होऊ लागला, तर मंद गतीने मनात उतरणाऱ्या चित्रपटाला जागा कोठे उरणार? प्रभातच्या काळातील कुटुंबाने 'माणूस' पाहण्यापूर्वी चार जणांना विचारले असते, तर विषय ऐकूनच ते कदाचित घरी राहिले असते. नावावरचा विश्वास प्रेक्षकाला त्याच्या सवयीच्या पलीकडे नेत असे. तो आटला, तर आपल्याला आधीच आवडते तेवढेच पाहणारा प्रेक्षक उरेल आणि त्याला तेवढेच पुरवणारी संस्था उरेल.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. चाहत्याची निराशा दरवेळी चित्रपटामुळेच होते असे नाही. अठराव्या वर्षी मित्रांसमवेत पाहिलेल्या 'सत्या'ची बरोबरी चाळिशीत एकट्याने पाहिलेला कोणताही चित्रपट करू शकणार नाही. स्मरणरंजनाशी स्पर्धा कोणत्याच दिग्दर्शकाला जिंकता येत नाही. मात्र संस्थाच जेव्हा जुनी धून, जुना संवाद आणि जुना चेहरा पुढे करून त्या स्मृतीला साद घालते, तेव्हा त्या स्मृतीशी तुलना झाल्याची तक्रार करण्याचा अधिकार तिला उरत नाही.

पुढे काय?

गमावलेला विश्वास परत मिळत नाही, असे इतिहास सांगत नाही. आर. के.ला तो तीन वर्षांत मिळाला. यशराजला 'शमशेरा'नंतर 'पठाण'पर्यंत सहा महिने पुरले आणि 'सैयारा'ने पुन्हा एकदा दार उघडून दिले. परत मिळालेल्या पतीचा विनियोग कसा होतो, यावर पुढचे अवलंबून असते. २०२५ मध्येच 'दशावतार' या मराठी चित्रपटाने ८१ वर्षांच्या दिलीप प्रभावळकर यांच्या नावावर गर्दी खेचली. त्या नावामागे अनेक दशकांतील निरनिराळ्या भूमिका होत्या आणि या वयातही त्यांनी प्रेक्षकांपुढे नवीच भूमिका ठेवली. जपलेली पत अशी उपयोगी पडते.

प्रभातची कथा मात्र सावधगिरीचा इशारा देते. व्ही. शांताराम १९४२ मध्ये बाहेर पडले, जुने सहकारी एकेक करून पांगले आणि पन्नासच्या दशकाच्या प्रारंभी कंपनीचे काम थंडावले. त्या आवारात १९६० मध्ये चित्रपट प्रशिक्षण संस्था उभी राहिली. चेंबूरच्या आर. के. स्टुडिओला २०१७ मध्ये आग लागली आणि २०१९ मध्ये ती जागा बांधकाम कंपनीकडे गेल्याचे जाहीर झाले. दोन्ही नावे आजही आदराने घेतली जातात, पण त्या नावांवर आता तिकीट निघत नाही.

मोठ्या संस्थांपुढे आज हाच पर्याय उभा आहे. आपले नाव अनोळखी माणसासाठी आणि अवघड विषयासाठी तारण ठेवायचे, की ओळखीच्याच मालावर पुन्हा पुन्हा छापायचे, हे त्यांना ठरवावे लागेल. प्रेक्षकाने आपला निर्णय सभा भरवून किंवा निवेदन काढून कळवलेला नाही. तो शुक्रवारी घरी थांबतो. या उद्योगात याहून स्पष्ट निकाल दुसरा नसतो.